"संशयात्मा विनश्यति" आणि प्रश्न विचारायचे की नाही

फॅमिली ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज आहे, की गीतेतच म्हटलंय 'संशयात्मा विनश्यति' (संशयी माणसाचा नाश होतो), म्हणजे देवाधर्मात प्रश्न विचारायचे नसतात.

ओळ खरीच आहे, चौथ्या अध्यायातला 40वा श्लोक. पण घरातली गीता काढा आणि त्याच अध्यायात सहा श्लोक मागे जा, 34व्यात ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलंय, नमस्कार करून, सेवा करून आणि नीट प्रश्न विचारून. तिन्ही एकाच ओळीत. मग 40व्यात कोणाबद्दल बोललंय? तर ज्याला ना ज्ञान ना श्रद्धा, जो शंकेतच अडकून राहतो त्याच्याबद्दल, विचारणाऱ्याबद्दल नाही.

अर्जुन तर कृष्णाला थेटच विचारतो, सूर्य तुझ्या कितीतरी आधीचा, मग तू त्याला हा योग सांगितलास हे मी कसं मानू (4.4)? आणि सहाव्या अध्यायातला 38वा श्लोक मला फार आवडतो, साधना अर्धवट राहिलेला माणूस फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना, असं अर्जुन विचारतो, किती सुंदर कल्पना आहे ही! पुढच्याच श्लोकात म्हणतो, माझा हा संशय तूच दूर कर. कृष्ण रागावत नाही, 'तात' म्हणजे बाळा म्हणून उत्तर देतो.

शेवटी 18.63 पण बघा, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, असं कृष्णच सांगतो. त्यामुळे घरातल्या पोराने देवाबद्दल काही विचारलं तर ही ओळ सांगून त्याला गप्प करू नका प्लीज.