कासाराची बांगडी आणि तुंबलेला टब

आमच्या घरच्या ग्रुपवर मध्यंतरी एक रील आलं. तुंबलेल्या मोरीत खायचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फेस उसळेल आणि मोरी पाच मिनिटांत मोकळी. खाली सगळ्या नातेवाइकांचे अंगठे. त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीचा टब तुंबला. इंदूरच्या मराठी घरात बाथटब म्हणजे चादरी भिजत घालायची चैनीची जागा. बिल्डरने दिलाय म्हणून आहे. ताईने डबाभर सोडा आणि अख्खी बाटली व्हिनेगर त्यात रिकामं केलं. फेस झकास आला. पाणी होतं तिथेच.

यात नवल काही नाही. सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांची धार मारतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. वायू वाट सोपी असेल तिकडे जातो, म्हणजे पाण्यातून वर; खालच्या गोळ्याशी भांडायला तो थांबत नाही. शेजारच्या काकांनी तर टबाचं तोंड ईशान्येला असल्यामुळे 'प्रवाह अडलाय' असं निदान केलं. प्रवाह अडला होता हे खरंच, पण ईशान्येला नाही, ट्रॅपमध्ये.

ट्रॅप म्हणजे पाइपाचं ते वाकडं वळण, ज्यात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. १७७५ साली ॲलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासासाठी असं वळण पेटंट केलं. (आपल्याकडच्या इंग्रजी प्लंबिंग पुस्तकांतही जमिनीतल्या ट्रॅपला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीघरातला शब्द थेट अभियांत्रिकीत गेलाय, आणि आपण मात्र बाथरूम म्हणतो.) वास अडवणारं वळण केसही अडवतं. त्यात माळव्यातलं बोरिंगचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून राखाडी, चिकट साका तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही. केसांचं जाळं आणि त्यावर साबणाचा गिलावा, असा तो गोळा. कॉस्टिक सोडा केसांतलं केराटिन तोडू शकतो, पण तुंबलेल्या थंड पाण्यात पातळ होऊन तो रेंगाळतो. त्यावर 'जरा ॲसिड टाकून बघू' हा प्रयोग कुणीही करू नये. उकळून अंगावर उडतं.

उपाय आहे तो यांत्रिक. इंदूरच्या सियागंज बाजारात 'ड्रेन ऑगर' मागितलंत तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. नाली साफ करायची स्प्रिंग म्हणा, लगेच काढून देईल: डबीत गुंडाळलेली, साधारण ६ मिलिमीटर जाडीची, काही मीटर लांब पोलादी स्प्रिंग, आणि फिरवायला एक दांडा. आता माझा आवडता प्रश्न. ही फिरवायची कशासाठी? सरळ ढकलली तर काय बिघडतं?

टबाच्या तोंडापासून मोठ्या पाइपापर्यंत वळणं मोजा. ट्रॅप आणि कोपरे मिळून सहज ४५० अंश भरतात, म्हणजे ७.८५ रेडियन (कोन मोजायचं गणितातलं एकक). वळणात ढकललेली तार बाहेरच्या भिंतीवर दाबली जाते. जितकं जास्त ढकलाल तितका दाब जास्त, आणि जितका दाब जास्त तितकं घर्षण जास्त. असं स्वतःलाच खतपाणी घालणारं काही असलं की तिथे घातांक येतो. गणिती ऑयलर आणि अभियंता आयटेलवाइन यांचं दोराचं सूत्र तेच सांगतं: e म्हणजे गणितातली सुमारे २.७१८ ही ठरलेली संख्या, आणि लागणारं बळ e च्या (घर्षणगुणांक गुणिले कोन) इतक्या घातात वाढतं. घर्षणगुणांक, म्हणजे दाबाच्या किती हिस्सा घर्षण होतं ते माप, ०.३ धरला तर e चा घात २.३६, म्हणजे जवळपास साडेदहापट. टोकाशी १ किलोचा रेटा हवा तर हाताने साडेदहा किलोचा द्यायचा. तोवर ती सडपातळ स्प्रिंग मधेच नागमोडी होऊन पाइपात अडकलेली असते.

आता कासार आठवा. घट्ट बांगडी तो कधी सरळ ढकलत नाही, फिरवत फिरवत चढवतो. कारण घर्षण नेहमी सरकण्याच्या दिशेच्या बरोबर उलट असतं, आणि त्याचं एकूण माप दिशा बदलल्याने बदलत नाही. दिशा मात्र आपल्या हातात असते! स्प्रिंग सेकंदाला एक फेरा फिरली तर तिचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १९ मिलिमीटर गोल घसरतो. त्याच वेळी ती ५ मिलिमीटर पुढे सरकत असेल, तर घर्षणाचा बहुतेक सगळा रोख फिरण्याविरुद्ध जातो आणि पुढे जाण्याविरुद्ध उरतो जेमतेम पाव हिस्सा. ०.३ चा झाला ०.०७७. हा आकडा घातांकात बसतो, म्हणून फरक पाव-अर्ध्याचा राहत नाही: साडेदहापटीवरून १.८ पट. घर्षण कुठे गेलं नाही, ते दांड्याकडे वळलं. तिथे १० सेंटिमीटरचा दांडा ३ मिलिमीटर त्रिज्येच्या तारेला फिरवतोय, तो ते हसत पेलतो. तेलविहिरी खोदणारेही लांब आडव्या विहिरीत नळ अडकू नये म्हणून तो फिरवत नेतात.

स्प्रिंगच का, साधी तार का नाही? जाड तार वळणात वाकत नाही, बारीक तार पीळ पुढे पोचवत नाही. स्प्रिंगची गंमत अशी की ती ताणली की तिची तार पिळते, आणि ती पिळली की तार वाकते. ज्या दिशेला वेटोळी घातली आहेत त्याच दिशेला फिरवलं तर वेटोळी आवळतात, स्प्रिंग बारीक होते. उलट फिरवलं तर ती फुगते आणि पाइपातच पाय रोवते. म्हणून बहुतेक स्प्रिंगा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायच्या, आणि डबी व पाइपाचं तोंड यांत वीतभरापेक्षा जास्त मोकळी तार ठेवायची नाही; नाहीतर पीळ पुढे जाण्याऐवजी बाहेरच फोनच्या जुन्या वायरसारखी गाठ मारून बसतो.

टबात आणखी एक खुबी आहे. खालच्या जाळीतून स्प्रिंग घालायला जाऊ नका, तिथला कोपरा फार आखूड असतो. वर, टबाच्या भिंतीत, पाणी काठाबाहेर जाऊ नये म्हणून एक झाकण असतं. त्याचे स्क्रू काढले की मागचा पाइप सरळ खाली ट्रॅपकडे उतरतो. ताईला हे पटेना. "अगं, भोक खाली आहे आणि तू वरून काय घालतेस?" मी घातली. दोन-अडीच हातांवर मऊ काहीतरी लागलं.

आणि इथे तोच घातांक बाजू बदलतो. फिरणाऱ्या टोकाच्या उघड्या वेटोळ्यात केस गुंडाळले जातात. महेश्वरच्या घाटावर नावाडी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देतो आणि दोराचं टोक दोन बोटांत धरून अख्खी नाव थोपवतो, तेच हे. तीन वेढे म्हणजे १८.८५ रेडियन, ०.३ ने गुणून e च्या घातात टाका, २८० पटीच्या वर उत्तर येतं. म्हणजे केसाचं मागचं टोक साबणाच्या साक्यात १ ग्रॅमभराने जरी अडकलेलं असलं तरी पुढचं टोक पाव किलोचा ओढा सहन करतं. (केस अर्थात त्याआधी तुटेल, पण ते शेकड्यांनी आहेत.) म्हणून बाहेर ओढतानाही त्याच दिशेला सावकाश फिरवत राहायचं. उलटा एक फेरा दिलात की वेढे सुटतात आणि गोळा परत आपल्या जागी.

आमचा गोळा उंदराएवढा निघाला. ताईच्या मुलाने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्या रीलच्या बरोबर खाली. त्याला एकही अंगठा आला नाही.