यीस्ट स्टार्टर

घरगुती बीअरच्या मुख्य वर्टमध्ये (माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड काढ्यात) यीस्ट टाकण्याआधी ते थोड्या, सौम्य वर्टमध्ये वाढवून घेतात. हा वाढवलेला द्रव म्हणजे स्टार्टर. तो बीअर करण्यासाठी नसून पेशी वाढवण्यासाठी असतो, हे ध्यानात ठेवले की बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

पाकीट जुने होत जाते तशा द्रवरूप यीस्टच्या जिवंत पेशी घटतात. पेशी कमी पडल्या की आंबणे रेंगाळते आणि तेवढ्यात नको ते जीवाणू हातपाय पसरतात. एल या बीअरच्या प्रकारासाठी दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे (वर्टमधल्या साखरेचे प्रमाण मोजायचे एकक) साधारण ७.५ लाख पेशी धरतात, लागर या दुसऱ्या प्रकारासाठी दुप्पट. १२ अंश प्लेटोच्या २० लिटर एलला म्हणजे सुमारे १८० अब्ज पेशी हव्यात.

माल्ट अर्काची १०० ग्रॅम पूड आणि पाणी मिळून एक लिटर केले की विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०३७च्या आसपास येते. याहून गोड वर्टमध्ये पेशींवर ताण येतो. हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुले) लागत नाहीत. वर्ट १५ मिनिटे उकळावा. अरुंद गळ्याच्या फ्लास्कमधून तो क्षणात उतू जातो, म्हणून फ्लास्क अर्धाच भरावा. २० ते २५ अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावर यीस्ट घालून तोंडावर निर्जंतुक फॉइल सैल बसवावी. घट्ट बूच नको: पेशीपटलासाठी लागणारी स्टेरॉले बनवायला यीस्टला ऑक्सिजन हवा असतो. चुंबकीय ढवळणीवर २४ ते ३६ तास पुरतात. ढवळणी नसेल तर येता-जाता फ्लास्क गोल हलवावा, वाढ मात्र कमी होते. ढवळणीवर फेस बहुधा दिसत नाही. द्रव दुधाळ झाला आणि थांबवल्यावर तळाशी फिकट पिवळसर थर बसला, की काम झाले. फ्लास्क एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून वरचा बेचव द्रव ओतून टाकावा आणि तळाचा साका तेवढा वापरावा.

साठवणीसाठी साका निर्जंतुक बरणीत, थोड्या द्रवाखाली, १ ते ४ अंशांवर ठेवतात. झाकण सैल हवे, नाहीतर कार्बन डायऑक्साइडचा दाब साचतो. काही आठवड्यांनंतर नवा स्टार्टर केल्याशिवाय तो वापरू नये. अगरच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीच्या) तिरप्या नळीत यीस्ट काही महिने टिकते. नुसते गोठवले तर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणून गोठवताना १५ ते २० टक्के ग्लिसरॉल मिसळतात.

नुसता उकळलेला वर्ट बाटलीबंद करून फ्रिजबाहेर कधीही ठेवू नये. त्याची आम्लता कमी असल्याने बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे बीजाणू त्यात वाढू शकतात. ते मारायला प्रेशर कुकरमधले १२१ अंशच लागतात. साका तपकिरी झाला, मांसाच्या अर्कासारखा वास आला, तर पेशी मरून विरघळू लागल्या आहेत. आंबट किंवा थिनरसारखा वास संसर्ग सुचवतो. दोन्ही वेळा बरणी रिकामी करावी.