मीटरवर शून्य

केंब्रिजच्या एकॉर्न या संगणक कंपनीत २६ एप्रिल १९८५ रोजी पहिलीवहिली एआरएम चिप, म्हणजे संगणकाची आकडेमोड करणारा प्रोसेसर, चालू झाली. ती किती वीज खाते हे मोजायला तिच्या रचनाकारांपैकी एक, स्टीव्ह फर्बर यांनी मीटर लावला, तर मीटरवर शून्य! चिप मात्र बिनतक्रार काम करत होती. शोधल्यावर कळलं, बोर्डातल्या दोषामुळे तिला वीजपुरवठाच होत नव्हता. शेजारच्या सर्किटांतून सिग्नलच्या वाटेने जी काही वीज झिरपत होती, तेवढ्यावर तिचं भागत होतं.

फर्बर मूळचे गणितातले, डॉक्टरेट वायुगतिशास्त्रातली. चिपला कळणाऱ्या आज्ञा सोफी विल्सन यांनी ठरवल्या, आतली रचना फर्बर यांची. ट्रान्झिस्टर जेमतेम २५ हजार. कमी विजेचा हट्ट होता तो पैशापायी. चिप जास्त तापली तर महागडं सिरॅमिकचं वेष्टन लागतं, एक वॉटच्या आत राहिली तर स्वस्त प्लास्टिक चालतं. अचूक अंदाज बांधायची साधनं नव्हती, म्हणून जागोजागी हात राखून आखणी केली. प्रत्यक्षात वीज लागली वॉटच्या दहाव्या हिश्श्याएवढी! त्याच घराण्यातल्या चिप आज आपल्या मोबाइलमध्ये आहेत.

१९९० मध्ये फर्बर मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि त्यांनी प्रोसेसरचं घड्याळच काढून टाकलं. एरवी काम असो नसो, घड्याळाच्या ठोक्यावर सगळी चिप कवायत करते आणि वीज जाते. त्यांच्या ‘अ‍ॅम्युलेट’ चिपमध्ये एका भागाचं काम उरकलं की तो पुढच्याला खूण करतो. काम नसेल तर सगळं गप्प. कल्पना देखणी, पण उद्योगांनी ती फारशी उचलली नाही.

असं सामायिक घड्याळ मेंदूतही नसतं. फर्बर यांचा पुढचा प्रकल्प ‘स्पिनेकर’ त्याच दिशेचा: मेंदूतल्या पेशींच्या कामाची नक्कल करणारं यंत्र. एका चिपवर १८ साधे एआरएम कोर, म्हणजे छोटे प्रोसेसर, अशा चिप जोडत जोडत २०१८ मध्ये १० लाख कोरचं यंत्र उभं राहिलं. चेतापेशी एकमेकींना धाडतात त्या स्पंदनांच्या जागी इथे ४० बिटांची इवलीशी पाकिटं धावतात. पाकिटात मजकूर एवढाच: अमुक पेशी आत्ता पेटली.

एवढं करूनही यंत्राची झेप फार तर १०० कोटी पेशींची नक्कल करण्यापर्यंतच. आपल्या डोक्यात त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत, आणि त्यांना २० वॉट पुरतात. स्पिनेकरला १०० किलोवॉटच्या आसपास वीज लागते, वर वातानुकूलित खोली.