गुळाने रक्तातील साखर वाढत नाही?

मधुमेह असणाऱ्याने साखर सोडून गुळाचा चहा घ्यावा, कारण गुळाने रक्तातील साखर वाढत नाही, असा सल्ला वर्षानुवर्षे घरोघरी दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन्ही पदार्थ उसाच्या रसापासूनच होतात आणि दोन्हींतील मुख्य कर्बोदक एकच, म्हणजे सुक्रोज. पांढऱ्या साखरेत ते ९९ टक्क्यांहून अधिक असते, तर गुळात ओलावा, खनिजे आणि आधीच सुटे झालेले थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोज असल्यामुळे त्याचे प्रमाण काहीसे कमी भरते.

सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा एकेक रेणू जोडून झालेली द्विशर्करा. लहान आतड्याच्या अस्तरावरील सुक्रेज हे विकर ही जोडी तोडते. ग्लुकोज रक्तात उतरते आणि त्याची पातळी चढताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, तर फ्रुक्टोजची विल्हेवाट बहुतांशी यकृतात लागते. हे सुक्रोज गुऱ्हाळातून आले की कारखान्यातून, हे विकराला कळत नाही. ज्वारीच्या भाकरीतील पिष्ट सावकाश पचण्यास धान्यातील तंतू मदत करतात. गुळात ते जवळपास नसतातच.

गुळात लोह व पोटॅशियम असते, हे खरे. परंतु चमचाभर गुळातून मिळणारे लोह अगदी थोडे, आणि चहातील टॅनिन तेही नीट शोषू देत नाही. पुरणपोळीला गूळच हवा, याबद्दल वाद नाही. मधुमेहीच्या आहारात मात्र तो साखरेच्याच हिशेबात धरावा लागतो, कारण दोन्हींच्या एका ग्रॅममधून साधारण ४ किलोकॅलरीच मिळतात.