एका गुणाने गेलेले तीन सामने आणि कोचच्या डोक्यावरची तलवार

नोव्हेंबर 2022. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम सुरू झाला तो सलग तीन पराभवांनी. बेलार्माइनकडून 66-67, राइट स्टेटकडून 72-73, अ‍ॅपालाचियन स्टेटकडून 60-61. तिन्ही सामने घरच्या मैदानावर आणि तिन्ही एकेका गुणाने गेलेले. त्यातलं बेलार्माइन हे त्याच शहरातलं छोटं विद्यापीठ, म्हणजे दुसऱ्या दिवशी कचेरीत टोमणे मारायला माणसं हजरच.

कोच केनी पेन यांचं ते पहिलंच वर्ष. 1986 साली लुईव्हिलने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं त्या संघात ते स्वतः खेळले होते, त्यामुळे घरचा माणूस म्हणून स्वागतही जोरात झालं होतं. तीन सामन्यांतच चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे, चेंडू तीनदा इकडचा तिकडे झाला असता तर आज आपण 3-0 (तीन विजय, शून्य पराभव) असतो, उगाच माणसाच्या मागे लागू नका. दुसरा म्हणे, बेलार्माइनशी घरच्या मैदानावर हरणाऱ्याला कोच म्हणायचं तरी कसं?

हा वाद बाहेरच्याला गमतीचा वाटेल, पण केंटकी राज्यात एनबीएचा, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीचा, एकही संघ नाही. तिथे कॉलेजचं बास्केटबॉल हेच सर्वस्व. लुईव्हिलच्या स्टेडियममध्ये सुमारे 22 हजार माणसं बसतात. 1980 आणि 1986 ही दोन विजेतेपदं आहेत. 2013 चं तिसरंही होतं, ते नियमभंगामुळे 2018 मध्ये काढून घेतलं गेलं. अशा ठिकाणी कोच ठेवायचा की घालवायचा यावर बोलल्याशिवाय दिवस जात नाही. आणि या वादात जे दावे केले जातात, त्यातले बरेचसे संख्याशास्त्राने तपासता येतात.

आधी नशिबाचा भाग घेऊ. समजा एखादा संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी. 32 सामन्यांचा हंगाम. सरासरी 16 विजय अपेक्षित. पण हाच संघ, काहीही न बिघडता, निव्वळ योगायोगाने 12 किंवा त्याहून कमी सामने जिंकेल याची शक्यता साधारण 11 टक्के निघते. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. म्हणजे दरवर्षी मध्यम ताकदीचे काही संघ कोणाचाही दोष नसताना 12-20 वर संपणार, आणि तिथले चाहते कोचच्या नावाने बोटं मोडणार.

लुईव्हिलने तो हंगाम संपवला 4-28 वर. आता तेच गणित करा. निम्म्या शक्यतेच्या संघाने 32 पैकी चार किंवा कमी सामने जिंकण्याची शक्यता लाखात एक आहे. इथे नशीब हा शब्द काढायचाच नाही. संघ खरोखरच वाईट होता.

मग त्या एकेका गुणाच्या तीन पराभवांचं काय? इथे पहिला तट अर्धा बरोबर होता. अटीतटीच्या सामन्याचा शेवटचा निकाल बऱ्याच अंशी नाणेफेकीसारखाच असतो. म्हणून संघाची ताकद मोजणारे लोक जय-पराजयापेक्षा गुणांच्या फरकाकडे जास्त पाहतात. पण फरक पाहताना समोर कोण होतं हेही पाहावं लागतं. लुईव्हिलसारख्या विद्यापीठाने आपल्या मैदानावर बेलार्माइनवर दहा-पंधरा गुणांनी मात करणं अपेक्षित असतं. शेवटचा चेंडू आत गेला की बाहेर हा योगायोग. सामना शेवटच्या चेंडूपर्यंत आला हा नव्हे. त्या रात्री तो चेंडू आत गेला असता आणि लुईव्हिल जिंकलं असतं, तरी काळजीचं कारण तेवढंच राहिलं असतं. पुढच्याच आठवड्यात अर्कान्सास आणि टेक्सास टेक यांनी पंचविसाहून जास्त गुणांच्या फरकाने धुतलं तेव्हा ते सगळ्यांना दिसलं.

निकालाकडे पाहून निर्णयाची किंमत ठरवण्याची ही खोड चाहत्यांचीच आहे असं नाही. 2015 मध्ये लार्स लेफग्रेन, ब्रेनन प्लॅट आणि जोसेफ प्राइस या अर्थशास्त्रज्ञांनी एनबीएच्या सामन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गुणाने जिंकणं आणि एका गुणाने हरणं यातून संघाबद्दल जवळजवळ सारखीच माहिती मिळते. तरीही निसटत्या पराभवानंतर कोच सुरुवातीचे पाच खेळाडू बदलण्याची शक्यता निसटत्या विजयानंतरच्यापेक्षा बरीच जास्त आढळली. कोटींनी पगार घेणारे तज्ज्ञही असेच वागतात, तर तिकीट काढून बसलेल्याला काय बोलणार!

चाहत्यांची एक लाडकी तक्रार इथे जरा जवळून पाहण्यासारखी आहे. ‘आपल्याविरुद्ध सगळे थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले, तीन गुणांचे चेंडू) मारतात, बचाव शिकवतो कोण?’ प्रतिस्पर्धी एका सामन्यात लांबून 22 वेळा चेंडू फेकतो आणि त्याचा खरा नेम 34 टक्के आहे असं धरा. सरासरी साडेसात चेंडू आत जातील. पण प्रत्येक फेक स्वतंत्र असल्यामुळे निव्वळ योगायोगाने या आकड्यात सव्वादोनच्या आसपास चढउतार होतो. प्रत्येकी तीन गुण, म्हणजे सहा-सात गुणांचा झोका, तोही बचावात काडीचा फरक नसताना. अनेक सामन्यांचे निकाल याहून कमी फरकाने लागतात. बरं, हंगामभरात हे सपाट होतं म्हणावं तर तसंही नाही. 32 सामन्यांत सातशेच्या वर फेकी होतात, तरी टक्केवारीत पावणेदोन टक्क्यांची हलचल उरतेच. ती दर सामन्याला सव्वा गुणाएवढी भरते.

केन पॉमरॉय हे अमेरिकन आकडेतज्ज्ञ वर्षानुवर्षं हाच मुद्दा मांडत आले आहेत. समोरच्याने लांबून किती वेळा फेकावं यावर बचावाचं बऱ्यापैकी नियंत्रण असतं, त्यातले किती आत जावेत यावर फार कमी. पटत नसेल तर फ्री थ्रोकडे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीकडे पाहा. तिथे फेकणाऱ्याला कोणी अडवतच नाही, तरीही वर्षअखेरीस काही संघांविरुद्ध फ्री थ्रोची टक्केवारी जास्त निघते, काहींविरुद्ध कमी. तिथे कोणी कोचला जबाबदार धरत नाही.

टर्नओव्हर, म्हणजे बास्केटकडे फेकायच्या आतच चेंडू गमावणं, हे मात्र वेगळं प्रकरण. ते एका सामन्याकडून दुसऱ्या सामन्याकडे बऱ्यापैकी टिकून राहतं. आक्रमणातले रिबाउंडही, म्हणजे आपलाच हुकलेला चेंडू पुन्हा मिळवणंही, तसंच. कोचच्या कामाबद्दल मत बनवायचंच असेल तर मी आधी हे दोन आकडे पाहीन.

आता खरा प्रश्न. संघ वाईट आहे हे ठरलं. कोच बदलला तर सुधारेल का?

कोच नेहमी तळ गाठल्यावरच बदलला जातो, आणि घोटाळा इथेच आहे. खराब हंगामात थोडी खरी कमजोरी असते आणि थोडं दुर्दैव. पुढच्या वर्षी दुर्दैव तेवढंच असण्याचं काही कारण नसतं, म्हणून कामगिरी आपोआप थोडी वर येते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुलांच्या उंचीत ते दाखवून दिलं. ताप अगदी चढलेला असताना अंगारा लावायचा आणि दोन दिवसांनी उतरला की अंगाऱ्याला श्रेय द्यायचं, तसं नव्या कोचचं होतं.

अंगारा लागू पडतो का हे कळायला, तेवढाच ताप असून अंगारा न लावलेला रोगीही पाहावा लागतो. बास टेर वील यांनी 1986 ते 2004 या काळातल्या डच व्यावसायिक फुटबॉलबाबत हेच केलं. मधल्या हंगामात प्रशिक्षक हाकलणारे संघ नंतर सुधारले खरे, पण तशीच घसरगुंडी होऊनही प्रशिक्षक न बदललेले संघही सुधारले. अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर (हा हाताने चेंडू घेऊन पळायचा वेगळा खेळ) स्कॉट अ‍ॅडलर, मायकेल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी यांचा अभ्यास 2013 मध्ये आला. त्यातल्या निष्कर्षाचं दुसरं टोक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अगदी तळाच्या संघांनी कोच बदलल्याने फारसा फरक पडला नाही. पण मधल्या दर्जाच्या संघांनी बदलला तर पुढची काही वर्षं ते, कोच न बदललेल्या तशाच दर्जाच्या संघांपेक्षा, आणखी वाईट खेळले. आणि चाहत्यांचा आरडाओरडा सर्वांत प्रभावी ठरतो तो नेमका अशाच मधल्या संघांत. तिथे ‘आपली लायकी याहून मोठी आहे’ ही भावना जबरदस्त असते.

यावरून कोच म्हणजे नुसता शोभेचा, असं समजू नये. क्रिस्टोफर बेरी आणि अँथनी फाउलर या राज्यशास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती केली. प्रत्येक संघाच्या इतिहासातल्या कोचांच्या कारकिर्दी आपसांत फिरवून खोट्या याद्या बनवायच्या आणि खऱ्या यादीने कामगिरी किती जास्त उलगडते ते मोजायचं. त्यांच्या हिशेबाने संघांच्या यशातल्या चढउतारापैकी सुमारे 20 ते 30 टक्के वाटा कोचचा निघतो. हा वाटा लहान नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात. कोचमुळे फरक पडतो, पण जुन्याच्या जागी चांगला कोच मिळेलच याची खात्री नसते. हाकलणं सोपं, निवडणं अवघड.

आणि मग लुईव्हिल. पेन यांचं दुसरं वर्ष 8-24 वर संपलं, दोन वर्षांचा हिशेब 12-52. मार्च 2024 मध्ये त्यांना काढलं. करार मोडल्याची भरपाई सुमारे 80 लाख डॉलर. चार्ल्स्टन कॉलेजातून पॅट केल्सी हे नवे कोच आले आणि पहिल्याच हंगामात संघ 27-8. आपल्या साखळीत तर 20 पैकी 18 विजय. दुसऱ्या तटाच्या घरी दिवाळीच. अभ्यास गेले खड्ड्यात, कोच बदलला आणि संघ बदलला!

आठवरून सत्तावीसवर जाणं हे नुसतं सरासरीकडे परतणं नव्हे, हे उघड आहे. पण कशामुळे, हे सांगणं वाटतं तेवढं सोपं नाही, कारण त्या वर्षी कोचबरोबर बाकी सगळंच बदललं. शिष्यवृत्तीवरचा जवळजवळ अख्खा संघ नवा आला. चकी हेपबर्न विस्कॉन्सिन विद्यापीठातून, टेरन्स एडवर्ड्स जेम्स मॅडिसन विद्यापीठातून, जव्हॉन हॅडली कोलोरॅडोहून, तर नेमबाज रेन स्मिथ केल्सींबरोबरच चार्ल्स्टनहून. पेन आले तेव्हा विद्यापीठावर खेळाडूंच्या भरतीतल्या जुन्या लाचखोरी प्रकरणाच्या चौकशीचं सावट होतं. त्याचा निकाल नोव्हेंबर 2022 मध्ये, म्हणजे पहिला संघ उभा राहून गेल्यावर लागला, आणि शिक्षा सौम्यच झाली. असं सावट असताना चांगला मुलगा कशाला येईल, हा पेन यांच्या बाजूच्यांचा मुद्दा निराधार नव्हता. मात्र दुसऱ्या वर्षीच्या आठ विजयांना तो पुरत नाही.

कोचचा परिणाम वेगळा काढायचा तर तेच खेळाडू दोन कोचांच्या हाताखाली खेळलेले पाहायला हवेत. लुईव्हिलमध्ये असे खेळाडू उरलेच नाहीत. एक उलटा धागा तेवढा आहे. स्मिथ दोन्ही ठिकाणी केल्सींकडेच खेळले, पण त्यांच्याकडून कळतं ते खेळाडूबद्दल, पेन यांच्याबद्दल काहीच नाही.

यामुळे जुन्या अभ्यासांनाही धक्का बसतो. अ‍ॅडलर वगैरेंची आकडेवारी 1997 ते 2010 या काळातली. तेव्हा विद्यापीठ बदललं की खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे, म्हणून नव्या कोचला जुन्याच पोरांवर भागवावं लागे. 2021 पासून एकदा विनाअट बदल करण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमावता येऊ लागले, आणि 2024 मध्ये बदलांच्या संख्येवरची मर्यादाही गेली. आता कोच मैदानावर काय शिकवतो याच्याइतकंच एप्रिल-मे महिन्यांत तो किती आणि कोणती माणसं गोळा करतो, आणि त्यासाठी देणगीदारांकडून किती पैसा उभा राहतो, यावर हंगाम ठरतो. या नव्या नियमांखालच्या आकडेवारीवर तोच अभ्यास पुन्हा केला तर मधल्या संघांचा तोटा तसाच दिसेल की पुसला जाईल, हे सांगायला अजून काही हंगाम जावे लागतील. तोवर लुईव्हिलचं उदाहरण देऊन आपल्या कोचला हाकला म्हणणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठांच्या चाहत्यांना एवढंच विचारता येईल, की नव्या कोचबरोबर नवे डझनभर खेळाडू आणि त्यांचा खर्च कोण देणार आहे?