‘फक्त नऊ दिवसांचं तेल’

कुठे युद्धाची ठिणगी पडली की हा निरोप मोबाइलवर हमखास येऊन धडकतो: ‘भारताकडे फक्त नऊ दिवसांचं तेल उरलंय.’ गंमत अशी, की यातला आकडा खोटा नाही. खोटं आहे ते ‘उरलंय’.

आणीबाणीच्या साठ्यासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखाली खडकात प्रचंड गुहा खोदल्या आहेत. त्यांत मिळून ५३.३ लाख टन कच्चं तेल मावतं. २०१९-२०च्या खपाच्या हिशेबाने ते साडेनऊ दिवसांचं होतं. निरोपातले नऊ दिवस आले ते इथून. पण तेल काही फक्त गुहांत नसतं. तेल कंपन्यांच्या टाक्यांत कच्चं तेल आणि तयार इंधन मिळून आणखी ६४.५ दिवसांचा माल राहू शकतो, असं सरकारने सांगितलेलं आहे. बेरीज ७४.

अफवेला उत्तर म्हणून मग हा ७४ पुढे केला जातो, आणि इथे मला थोडं अडायला होतं. दोन्ही आकडे क्षमतेचे आहेत. हंडा किती लिटरचा हे कळलं म्हणून आत पाणी किती हे कळत नाही. आज प्रत्यक्षात तेल किती आहे, याचं उत्तर नऊ नाही तसं ७४ही नाही.

‘दिवस’ हे मापही फसवं. उद्यापासून एक थेंबही येणार नाही आणि खप मात्र तसूभरही घटणार नाही, असं धरून ते काढलेलं असतं. शिवाय भागायचं कशाने? समजा एखाद्या देशात १,८०० पिंपं आहेत, खप रोज १०० पिंपं आणि त्यातली आयात ६०. खपाने भागलं तर १८ दिवस, आयातीने भागलं तर ३०. साठा तोच. १९७३च्या तेलसंकटानंतर स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सदस्य देशांना ९० दिवसांचा साठा ठेवायला सांगते, तो निव्वळ आयातीच्या हिशेबाने. तो ९० आणि आपला साडेनऊ शेजारी मांडणारे तक्ते म्हणूनच निरर्थक असतात. भारत या संस्थेचा पूर्ण सदस्यही नाही, सहयोगी आहे.

जाता जाता, त्या गुहांविषयी. त्यांच्या भिंतींना पोलादाचं अस्तर नाही, नुसता खडक. त्याला भेगा असणारच, मग तेल झिरपून जात नाही कसं? गुहा भूजलपातळीच्या खाली खोदलेली असते आणि वरच्या खडकात छिद्रं पाडून त्यांत सतत पाणी भरलेलं ठेवतात. भोवतालच्या पाण्याचा दाब तेलापेक्षा जास्त, त्यामुळे भेगेतून पाणीच आत येतं, तेल बाहेर जाऊ शकत नाही. आत आलेलं पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि तिथून उपसलं जातं.

असा निरोप खरा मानला तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. गाडीची टाकी ५० लिटरची, सरासरी अर्धी भरलेली आणि रोजचा खर्च तीन लिटर असं धरू. सगळ्यांनी एकाच दिवशी टाकी फुल्ल केली तर प्रत्येकी २५ लिटर, म्हणजे आठ दिवसांची विक्री एका दिवसात. कुठल्याही पंपाकडे टँकर येण्याचं वेळापत्रक एवढ्यासाठी आखलेलं नसतं. पंप कोरडा पडतो, त्याचा फोटो फिरतो आणि उरलेलेही रांगेत येतात.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१मध्ये हेच घडलं. तुटवडा होता तो टँकर चालवणाऱ्या चालकांचा. शुद्धीकरण कारखान्यांत इंधन पुरेसं होतं. तरी काही पंप बंद असल्याची बातमी आली आणि दोन-तीन दिवसांत हजारो पंप रिकामे झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला टँकर चालवायला सैनिक आणावे लागले. त्याआधीच इंधन कंपन्यांनी एक निवेदन काढलं होतं: गाड्यांच्या टाक्यांत आता नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल आहे, तेव्हा येत्या दिवसांत मागणी ओसरेल.