स्टेअरिंग जड झालं म्हणजे फील आला असं नाही

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. स्टेअरिंग जड असणं वेगळं आणि स्टेअरिंगला फील असणं वेगळं. पोरं कोणाची भारी गाडी चालवून आली का लगेच सांगतात, "भाऊ, स्पोर्ट मोड टाकला का स्टेअरिंग कसं टाइट होते", पण बऱ्याच गाड्यांत त्या बटणानं होते एवढंच का स्टेअरिंग वळवायला जी मोटर मदत करते तिची मदत कमी होते, म्हणजे टायरखाली काय चाललं हे हाताला आधी कळत नव्हतं ते आताही कळत नाही, फक्त दंड लवकर भरून येतात.

मग फील म्हणजे काय? ज्यानं वखर धरला त्याला हे समजवायची गरज नाही, पास मऊ मातीतून चालली का जुन्या धसकटात अडकली हे रुमण्यावरच्या हाताला डोळ्यांच्या आधी समजते. गाडीतही तेच पाहिजे, टायरला जे कळलं ते तळहातापर्यंत आलं पाहिजे.

आता टायरला काय कळते ते पाहू, कारण सगळी मजा तिथंच आहे. वळणावर टायर ज्या दिशेला तोंड करून असतो अगदी त्याच दिशेला जात नाही, थोडा तिरका सरकत जातो, ह्या तिरकेपणाला स्लिप अँगल म्हणतात. रस्त्याला टेकलेला टायरचा जो तळहाताएवढा भाग असतो त्यात रबर पुढून मागे जाता जाता जास्त जास्त वाकत जाते, म्हणून आडवा जोर त्या भागाच्या मधोमध न लागता थोडा मागच्या बाजूला, दोनतीन सेंटीमीटर मागे लागतो. हा जोर मागे लागतो म्हणूनच चाक आपोआप सरळ व्हायला पाहते आणि तोच ताण आपल्या हाताला जाणवते. पण वळण अजून जोरात घेतलं का टेकलेल्या भागाचा मागचा हिस्सा घसरायला लागतो, मग जोराची जागा पुढे सरकते, ते दोनतीन सेंटीमीटर कमी होत जातात, आणि गंमत अशी का टायरची पकड अजून वाढतच असते तरी स्टेअरिंग मात्र हलकं पडायला लागते. म्हणजे टायर सुटायच्या आधीच तो सांगून ठेवते का बाबा आता माझं संपत आलं. चांगल्या स्पोर्ट्स कारच्या स्टेअरिंगचं मोठेपण हेच का हा इशारा ड्रायव्हरपर्यंत पोचते.

पावसाळ्यात हे साध्या गाडीतही पाहायला मिळते. शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रोडवर काळ्या मातीचा चिखल सोडून जातात, त्यावर वळणात पुढचं चाक गेलं का स्टेअरिंग एकदम पोकळ लागते, कारण पकडच राहिली नाही तर सरळ व्हायचा ताण येणार कुठून.

आता इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगवर येऊ, ज्याला सगळे शिव्या देतात. जुन्या हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टेअरिंगमध्ये, इंजिनच्या पट्ट्यावर पंप चालायचा, तुम्ही वळवा नाहीतर सरळ जा तो फिरतच राहायचा आणि पेट्रोल खायचा. इलेक्ट्रिकमध्ये मोटर लागल तेव्हाच करंट घेते, म्हणून कंपन्यांनी तिकडे उडी मारली. सुरुवात मात्र कोण्या महागड्या गाडीतून झाली नाही, 1988 मध्ये जपानात सुझुकीच्या सर्वो नावाच्या छोट्याशा गाडीत हे पहिल्यांदा आलं. 1990 च्या होंडा एनएसएक्समध्ये ऑटोमॅटिक मॉडेलला दिलं होतं. पोर्शेनं 2011 मध्ये आलेल्या 991 पिढीच्या 911 मध्ये घेतलं तेव्हा जुन्या शौकिनांनी लय आरडाओरड केली, आणि फेरारी तर 2017 च्या 812 सुपरफास्टपर्यंत थांबली.

बिघडते कुठे म्हणाल तर दोन ठिकाणी. स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक स्प्रिंगसारखी सळई असते, टॉर्शन बार, आपण जोर लावला का ती थोडीशी पिळते, सेन्सर तो पीळ मोजते आणि कॉम्प्युटर मोटरला सांगते का एवढी मदत कर. (ही सळई हायड्रॉलिकमध्येही होतीच, तिथं तिच्या पिळानं तेलाचा व्हॉल्व्ह उघडायचा, त्यामुळे जुनं म्हणजे सगळं शुद्ध आणि थेट होतं असं काही नाही.) मोटर मात्र गिअर लावून जोडलेली असते, आणि समजा स्टेअरिंग एक चक्कर फिरलं का मोटर 20 चकरा फिरते, तर मोटरच्या फिरत्या भागाचं जडत्व हाताला 20 पट नाही, 20 चा वर्ग म्हणजे 400 पट होऊन लागते. टायरकडून आलेला बारीक थरथराट ह्या जडत्वाला हलवता हलवताच मरून जाते. वरून गिअरचं घर्षण, म्हणजे स्टेअरिंग मधोमध असताना जो थोडासा ताण यायला पाहिजे तो ह्या घर्षणापेक्षा लहान असला तर तो हातापर्यंत येतच नाही, आणि मग सरळ रोडवर स्टेअरिंग मेल्यासारखं लागते. समृद्धीवर 120 च्या स्पीडनं तासभर जाताना असं मेलेलं स्टेअरिंग किती थकवते ते गेलेल्याला विचारा.

म्हणून मोटर कुठे बसवली हे महत्त्वाचं. छोट्या गाड्यांत ती डॅशबोर्डच्या खाली दांड्यावरच असते, स्वस्त पडते, जागाही वाचते, पण टायर आणि मोटर ह्यांच्यामध्ये क्रॉस (दांड्याचा वाकणारा सांधा) आणि दांडा येते आणि सगळी मदत त्यातूनच खाली जाते. स्पोर्ट्स कारमध्ये मोटर खाली रॅकवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यावर नेतात, माझदा एमएक्स-5 च्या 2015 वाल्या मॉडेलमध्ये रॅकला दुसरा पिनियन (छोटं दातेरी चाक) देऊन मोटर तिथं लावली. त्याच्यावर सॉफ्टवेअर, जे मोटरचं घर्षण आणि जडत्व हिशोबात धरून तेवढी मदत आधीच करून टाकते. हुशारीचं काम त्याच्या पुढचं आहे, मोटरला किती करंट लागला आणि सळई किती पिळली हे दोन्ही मिळवलं का रॅकवर टायरकडून किती जोर येऊन राहिला त्याचा अंदाज निघते, मग त्यातला कामाचा भाग हाताला द्यायचा आणि खड्ड्याचा दणका गाळायचा. जास्त गाळलं का गाडी मुकी, कमी गाळलं का मनगट दुखते, आणि हे ठरवायला शेवटी माणूसच टेस्ट ट्रॅकवर बसवावा लागते. माझं मत विचाराल तर बहुतेक कंपन्या गरजेपेक्षा जास्त गाळतात.

मालकाच्या हातात काय आहे? सगळ्यात आधी तो फोमचा नाहीतर केसाळ कव्हर काढा जो हायवेच्या बाजूला टांगून विकतात, टायरपासून इतक्या मुश्किलीनं आलेला थरथराट शेवटच्या इंचात त्याच्यात जिरते. हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली तेवढीच. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश ह्यांच्यात प्ले म्हणजे ढिलेपणा असला तर बाकी सगळं व्यर्थ, आणि चिखलपाण्यात चालणाऱ्या गाडीचा क्रॉस गंजून आवळला असला तर स्टेअरिंग फिरवताना एका जागी जड एका जागी हलकं असं लागते, मेकॅनिकला तो आवर्जून पाहायला सांगा. रुंद टायर आणि स्पेसर टाकून गाडी दिसते भारी, पण चाक बाहेर सरकलं का प्रत्येक खड्डा स्टेअरिंगला ओढते, आणि तो फील नाही, तो नुसता गोंगाट आहे.

कॅस्टर, म्हणजे चाक ज्या कण्याभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, वाढवायचा सल्ला फार लोक देतात. त्यानं सरळ रोडवर स्टेअरिंग भरीव होते हे खरं, पण कॅस्टरनं येणारा ताण टायर सुटायच्या वेळी कमी होत नाही, म्हणून तो लय वाढवला तर टायरचा तो हलकं पडायचा इशारा त्याच्याखाली दबून जाते. थोडा वाढवा, सगळा पाना फिरवू नका.

अलाइनमेंट केल्यावर बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनर लावून झिरो करावा लागते, नाहीतर सरळ कुठे आहे हेच कॉम्प्युटरला चुकीचं माहीत राहते आणि गाडी एका बाजूला ओढत राहते. गावच्या गॅरेजमध्ये तो स्कॅनर नसला तर अमरावती नाहीतर नागपूरची चक्कर पडते, पडू द्या. आणि तिथं कोणी लॅपटॉप जोडून स्टेअरिंगचं सॉफ्टवेअरच बदलून देतो म्हटलं तर गाडी घेऊन निघा, इंजिनच्या मॅपिंगमध्ये गडबड झाली तर गाडी बंद पडते, इथं झाली तर चिखलदऱ्याच्या घाटात मोटर तुमच्या उलट जोर लावल.